इंग्रजीच्या तासाला पोरांना एकत्र लिहू द्या: पुस्तक आणि पेपर ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय मंडळी, नमस्कार.

मराठी माध्यमाच्या पोरांनी इंग्रजी काय शिकायचं, पुस्तकात काय घ्यायचं, दहावीच्या पेपरात काय विचारायचं आणि त्या अंतर्गत २० मार्कांचं काय करायचं हे आपल्या राज्यात जे कोणी बसून ठरवतात त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला १९ वर्षं इंग्रजी शिकवतोय, आठवी ते दहावी. नवीन अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने वर सरकतोय, आमच्या वर्गांपर्यंत यायला अजून वेळ आहे, म्हणून आत्ताच लिहितोय, कारण एकदा पुस्तक छापून हातात आलं की पुढची कित्येक वर्षं तेच चालतं.

मागणी एकच आहे, आधीच सांगून टाकतो. पोरांना इंग्रजी एकत्र बसून लिहू द्या, तिघाचौघांत मिळून एक कागद, आणि त्याला कॉपी म्हणू नका, त्याला मार्क द्या.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी दहावीच्या प्रिलिमचे पेपर तपासत होतो. पत्रलेखनाचा प्रश्न होता, गावातल्या कचऱ्याबद्दल तक्रारीचं पत्र लिहा. ४८ पेपर होते, त्यातल्या ३१ पत्रांचं पहिलं वाक्य एकच, 'आय वुड लाइक टू ड्रॉ युवर काइंड अटेन्शन', आणि कॉलनीचं नाव पण एकच, जी कॉलनी आमच्या पोरांनी जन्मात बघितलेली नाही, गाइडमधल्या पत्रात छापली होती म्हणून ती सगळीकडे आली. एका पोराला 'अटेन्शन'पर्यंत आठवलं आणि पुढचं आठवेना, तर त्याने तेच वाक्य परत लिहिलं, परत 'अटेन्शन'ला येऊन थांबला, आणि मग तिसऱ्यांदा लिहिलं. खाली पानभर जागा कोरी. हा पोरगा ज्या वस्तीवर राहतो तिच्या खालच्या अंगाला गावाचा सगळा कचरा पडतो, पावसाळ्यात तो ओढ्यातून यांच्या विहिरीकडे वाहत येतो, हे त्यानेच मला एकदा सायकल लावता लावता सांगितलं होतं. म्हणजे त्या विषयावर अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं, आणि कागदावर तीन वेळा 'अटेन्शन'. मी त्या पत्राला ५ पैकी १ दिला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं सांगतो.

आपल्याकडे २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. मी स्वतः पाचवीपासून ए बी सी डी गिरवणाऱ्या पिढीतला, त्यामुळे मला तो निर्णय मनापासून पटला होता आणि आजही पटतो. पण आज दहावीला बसणारा पोरगा १० वर्षं इंग्रजी शिकलेला असतो आणि त्याला स्वतःच्या मनातली चार वाक्यं कागदावर उतरवता येत नाहीत, याचं उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायला पाहिजे, मी पण त्यात आलोच. माझ्या मते एक मोठं कारण असं की आपण लिहिणं म्हणजे एकट्याने गप बसून करायची गोष्ट धरलीय. ज्याच्या घरात, गल्लीत, बाजारात कुठेच इंग्रजी कानावर पडत नाही अशा पोराला कोरा कागद दिला, बाजूच्याशी बोलायचं नाही म्हणून दम दिला, तर त्याच्याकडे पाठांतर सोडून दुसरा मार्गच राहत नाही. मग ४८ पोरं एकाच गाइडातून पत्र पाठ करतात ते आपल्याला स्वतंत्र लेखन म्हणून चालतं, आणि चार पोरांनी डोकी एकत्र लावून स्वतःचं वाक्य जुळवलं की ती कॉपी होते.

आता मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. नववीत ६२ पोरं. मी चौघाचौघांचे गट केले, शेवटचे दोन गट तिघांचे, एकूण १६ गट, प्रत्येक गटाला एक फुलस्केप आणि एकच पेन. विषय त्यांनीच काढला, शाळेच्या टाकीला पाणी येत नाही, सरपंचांना पत्र लिहायचं. एकाने लगेच विचारलं, सर, सरपंच इंग्रजी कशाला वाचतील? बरोबर विचारलं त्याने. मग ठरलं की दोन पत्रं करायची, मराठीतलं पाठवायचं आणि इंग्रजीतलं वर्गाच्या भिंतीवर लावायचं.

मी खिडकीजवळच्या गटापाशी उभा होतो. तिथे पहिल्या पाचात येणारी एक मुलगी होती, तिच्या शेजारी फारसं न बोलणारी दुसरी, एक गडबड्या पोरगा, आणि चौथा दिवाळीनंतर दरवर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारा, जो मार्च-एप्रिलला परत येतो तेव्हा वर्गाचं निम्मं पुस्तक होऊन गेलेलं असतं. पेन हुशार मुलीकडे होतं, तिने लिहिलं, 'वॉटर इज नॉट कमिंग'. गडबड्या म्हणाला बरोबर आहे, पाणी येत नाही, पुढचं लिही. आणि तो ऊसतोडीचा पोरगा, जो माझ्या तासाला वर्षभरात चारदा बोलला असेल, तो म्हणाला, "पाणी येईना म्हणायचंय का येत नसतं म्हणायचंय?"

मी चाटच पडलो. कारण मी दरवर्षी फळ्यावर सिम्पल प्रेझेंट आणि प्रेझेंट कंटिन्युअस असे दोन रकाने आखतो, सूत्रं लिहितो, उदाहरणं देतो आणि पुढच्या आठवड्यात पोरं परत 'आय अ‍ॅम गोइंग टू स्कूल डेली' लिहितात. का लिहितात, तर पुस्तकी मराठीतलं 'येत नाही' दोन्हीकडे चालतं, आत्ता येत नाही आणि रोजच येत नाही, त्यामुळे त्यांना दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच दिसत नाही. पण आमच्याकडच्या बोलण्यात 'येईना' आणि 'येत नसतं' यात फरक आहे, लहान लेकराला पण कळतो, आणि तो फरक त्या पोराने इंग्रजीच्या कागदावर आणून ठेवला. मुलगी थांबली. म्हणाली, येत नसतं. मग 'इज नॉट कमिंग' कसं, ते तर आत्ताचं झालं. पुस्तक उघडलं, मागची पानं चाळली, 'डज नॉट' सापडलं, 'वॉटर डज नॉट कम्स' लिहिलं, मग न बोलणारी हळूच म्हणाली, डज आलं की एस नसतो लागत, सरांनी सांगितलेलं. खोडलं. 'वॉटर डज नॉट कम.'

मग परत तोच पोरगा, "पण असं कसं, सोमवारी आन गुरुवारी येतं की, मीच भरतो." तर वाक्य झालं 'वॉटर कम्स ओन्ली ऑन मंडे अँड थर्सडे'. मग टाकी. 'अ टँक' का 'द टँक' यावर तीन मिनिटं गेली, कोणती टाकी, आपलीच की, त्यांना माहीत नाही का, मग 'अवर टँक' लिही ना. नळ फुटलाय त्याला काय म्हणायचं यावर कुणालाच शब्द सुचेना, शेवटी गडबड्या म्हणाला लिकेज तर लिकेज, आणि ते चौघं हसले कारण तो इंग्रजीच शब्द निघाला, आमच्याकडे प्लंबरपासून आजीपर्यंत सगळे लिकेजच म्हणतात.

३५ मिनिटांच्या तासात त्या गटाची ७ वाक्यं झाली. त्यातली ३ चुकलेली होती. गाइडमधलं पत्र १४ वाक्यांचं असतं आणि सगळं बरोबर असतं, पण या ७ वाक्यांतलं एकेक वाक्य त्यांनी भांडून मिळवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना वेगवेगळं बसवून एकट्याने लिहायला दिलं, रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत. ऊसतोडीच्या पोराने ४ वाक्यं लिहिली, पहिलं होतं 'लाइट डज नॉट वर्क इन अवर वस्ती'. वस्तीला शब्द सापडला नाही म्हणून तसाच ठेवला. 'डज नॉट' मात्र त्याचं स्वतःचं होतं, शेजारी कुणी नव्हतं सांगायला.

याच पद्धतीने मी एकदा वर्ग घेत असताना तपासणीला एक साहेब आले होते. १६ गट म्हणजे वर्गात आवाज होणारच, तोही वादाचा आवाज. ते दारात दोन मिनिटं उभे राहिले, आत आले, एका गटातला कागद उचलला, विचारलं हा कुणाचा पेपर, पोरं म्हणाली आमचा चौघांचा. लॉगबुकात शेरा पडला की वर्गनियंत्रण नाही आणि विद्यार्थी एकमेकांचे बघून लिहितात. साहेब वाईट नव्हते, त्यांना जे बघायला सांगितलेलं असतं तेच त्यांनी बघितलं. पण त्यानंतर दोन महिने मी गटलेखन बंद ठेवलं, कारण मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं, आणि ते दोन महिने माझ्या मनाला आजही लागून आहेत. ऊसतोडीची पोरं दिवाळीनंतर जातात, म्हणजे त्यांच्या वाट्याला मुळात जे चार-पाच महिने येतात त्यातले हे दोन गेले.

हे मी काही नवीन शोधून काढलेलं नाही. कॅनडात मेरिल स्वेन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८५ च्या सुमारास एक गोष्ट मांडली. तिथली इंग्रजी बोलणारी पोरं शाळेत वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकायची, त्यांना फ्रेंच समजायची फार छान पण बोलता-लिहिताना चुका तशाच राहायच्या. बाईंचं म्हणणं असं की नुसतं ऐकून-वाचून भाषा पक्की होत नाही, आपल्याला सांगायचंय ते भाषेत मांडायला गेलं आणि अडलं की तेव्हा कळतं आपल्याला काय येत नाही. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीने लिहिणाऱ्या पोरांची बोलणी रेकॉर्ड करून तपासली, की पोरं एका शब्दावर, एका प्रत्ययावर कसं अडून बसतात आणि एकमेकांना विचारत कसं पुढे जातात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खिडकीजवळचा गटच दिसला.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नेओमी स्टॉर्च यांचा २००५ चा अभ्यास आहे. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणारे २३ मोठे विद्यार्थी, त्यातल्या १८ जणांनी जोडीने लिहिणं निवडलं आणि ५ जणांनी एकट्याने. जोड्यांचं लिहिलेलं लांबीला कमी भरलं पण जास्त शुद्ध आणि दिलेल्या कामाला जास्त धरून होतं. आता ते कॉलेजचे विद्यार्थी, एका वर्गात २०-२५, आणि माझ्याकडे १४ वर्षांची ६२ पोरं, त्यामुळे तिथलं जसंच्या तसं इथे लागू होतं असं मी म्हणणार नाही. पण लिखाण कमी आणि जास्त नेमकं हे मी माझ्या १६ फुलस्केपवर डोळ्यांनी बघितलंय.

आणि आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा समोर शेजारीण असायची, एकीने ओवीची पहिली ओळ म्हणायची आणि दुसरीने जोडायची, कुठली ओवी कुणाची हे कुणी विचारलं नाही. शाळाशाळांत हस्तलिखित निघायचं, आमच्या शाळेत अजून निघतं, त्यातला लेख एकाचा, अक्षर दुसरीचं, शुद्धलेखन बघणारी तिसरी आणि चित्रं चौथ्याची. मराठीत हे चालतं, त्याचं आपण कौतुक करतो, प्रदर्शनात ठेवतो. इंग्रजी आली की मात्र पोरगं एकटं पडतं, आणि जी भाषा त्याला सगळ्यात कमी येते नेमक्या त्याच भाषेत.

आता हरकती. त्या खऱ्या आहेत आणि मी त्या स्टाफरूममध्ये रोज ऐकतो.

पहिली सगळ्यात मोठी, की एक हुशार पोरगी लिहिते आणि बाकीचे बसून राहतात. होतं असं. सुरुवातीला माझ्या निम्म्या गटांत हेच झालं. स्टॉर्च बाईंनी पण जोड्यांचे प्रकार सांगितलेत, काही जोड्या खरंच मिळून काम करतात, काहींत एक जण दादागिरी करतो आणि दुसरा गप, काहींत दोघं आपापलंच रेटतात, आणि काहींत एकाला जास्त येतं पण तो दुसऱ्याला धरून पुढे नेतो. यातली पहिली आणि शेवटची जोडी शिकते, मधल्या दोन नाही. म्हणजे नुसते गट केले की झालं असं नाही, गट कसा वागतो ते बघत फिरावं लागतं, आणि ते काम खुर्चीत बसून होत नाही. मी काय करतो ते सांगतो. पेन दर दोन वाक्यांनी पुढच्याकडे जातं, ज्याच्या हातात पेन त्याने स्वतःचं वाक्य लिहायचं नाही, दुसऱ्याने सांगितलेलं लिहायचं, त्यामुळे कमी येणाऱ्याच्या हातात पेन असलं की हुशार पोरीला बोलून सांगावं लागतं आणि हुशार पोरीच्या हातात असलं की त्याला बोलावंच लागतं. आणि शेवटी मी चिठ्ठी काढतो, ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहून गटाच्या कागदातलं कुठलंही एक वाक्य असं का लिहिलं ते मराठीत सांगायचं. ते त्याला सांगता आलं तरच गटाला पूर्ण मार्क. या एका चिठ्ठीने जेवढं काम केलं तेवढं माझ्या ओरडण्याने कधी झालं नव्हतं, हुशार पोरं आपणहून मागच्याला समजावून सांगायला लागली कारण नाव कुणाचंही निघू शकतं.

दुसरी हरकत, पोरं एकमेकांची चुकीची इंग्रजी शिकतील. ही हरकत हलकी नाही. आपल्याकडे दक्षिणेत १९७९ ते १९८४ मध्ये एन. एस. प्रभू यांनी बंगलोर प्रकल्प केला, साध्या सरकारी शाळांत व्याकरण वेगळं न शिकवता कामं सोडवता सोडवता इंग्रजी शिकवायचा, जगभर त्याचं नाव आहे, आणि त्या प्रभूंनी मुद्दाम गटकार्यावर भर दिला नाही, त्यांचं म्हणणं पोरांनी शिक्षकाची इंग्रजी ऐकावी, नाहीतर एकमेकांची कच्ची इंग्रजी ऐकून ती तशीच पक्की होईल. एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. पण माझा अनुभव असा की गट लिहिताना पोरं बोलतात ती मराठीच, इंग्रजी फक्त कागदावर येते, आणि कागदावर येण्याआधी चार जणांच्या डोळ्याखालून जाते. शिवाय ते कागद मी बघतो. ६२ वह्या प्रत्येकी ४ मिनिटं धरल्या तर चार तासांच्या वर जातात, म्हणून खरं तर आम्ही त्या वाचतच नाही, लाल सही करून देतो, हे तुम्हालाही माहीत आहे. १६ कागद प्रत्येकी ५ मिनिटं म्हणजे सव्वा तास आणि पाच मिनिटं. ते मी त्याच संध्याकाळी वाचतो, चूक असते तिथे फक्त खूण करतो, उत्तर लिहीत नाही, दुसऱ्या दिवशी गट ती चूक शोधतो. एकट्याच्या वहीतली चूक वर्षभर तशीच राहायची, गटातली दोन दिवसांत सापडते.

वर्गात मराठी बोलतात यावर पण काही जणांचा आक्षेप असतो. असू दे मराठी. 'येईना' आणि 'येत नसतं' मराठीत होतं म्हणून तर 'डज नॉट' सापडलं.

वेळ नाही, पोर्शन पुरा होत नाही, ही तिसरी. त्याला एक सोपा प्रकार आहे, डिक्टोग्लॉस म्हणतात, नाव अवघड आहे पण काम सोपं. शिक्षकाने पुस्तकातलाच पाच-सहा ओळींचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा, पोरांनी ऐकताना फक्त शब्द टिपायचे, मग गटाने मिळून तो उतारा परत उभा करायचा आणि शेवटी पुस्तक उघडून ताडून बघायचं. एका तासात होतं, धडाही होतो, खर्च काही नाही. हे मी आठवड्यातून एकदा करतो आणि माझा पोर्शन कधी मागे पडलेला नाही.

मग आता तुमच्याकडून काय हवंय.

दहावीला इंग्रजीचा लेखी पेपर ८० चा आणि अंतर्गत २० मार्क. ते २० मार्क २०१९ च्या परीक्षेला काढले होते, राज्याचा दहावीचा निकाल आधीच्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, ओरड झाली, २०२० ला मार्क परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. निकालाच्या आकड्यामागे इतरही कारणं असतात, पण शाळाशाळांत ते २० मार्क कसे दिले जातात ते आपण सगळेच जाणतो, मीही १८-१९ च्या खाली क्वचितच उतरलोय. माझं म्हणणं त्यातले ५ मार्क गटलेखनाला ठेवा. वर्षभरात गटाने लिहिलेले चार कागद, खोडाखोडीसकट, पक्क्या वहीत उतरवून काढलेले नव्हेत, ते फाइलला लावायचे, आणि प्रत्येक पोराने त्यातल्या एका कागदाबद्दल तोंडी सांगायचं. ३ मार्क गटाला, २ त्या पोराला. खोडाखोड बघायला मिळाली की तुम्हालाच कळेल काम झालंय का नाही, गाइडातून उतरवलेल्या कागदावर खोडाखोड नसते.

पुस्तकात धड्याखाली 'गटात चर्चा करा' असं छापून येतं. चर्चा करून पुढे काय करायचं ते येत नाही, म्हणून कुणी करत नाही, बहुतेक ठिकाणी तो चौकोन सोडून पुढच्या प्रश्नावर जातात. तिथे असं काहीतरी द्या की ज्याला एकट्याचं डोकं पुरणारच नाही. चार पोरांना माहितीचे चार वेगवेगळे तुकडे द्या आणि त्यातून एक रिपोर्ट लिहायला सांगा. गावातल्या माणसाची मुलाखत चौघांनी घेऊन त्यावर एक पान लिहायला सांगा. वाळवंट आणि लंडन कशाला, आठवडी बाजार आहे, यात्रा आहे, ऊसतोडीचं पोरांना जेवढं माहीत आहे तेवढं पुस्तक लिहिणाऱ्याला पण माहीत नसेल, कोयता काय, टोळी काय, उचल काय, तो पोरगा हे सगळं सांगेल आणि मुलगी त्याला इंग्रजी शोधेल. गेल्या वर्षी एका गटाने 'उचल'साठी चांगली वीस मिनिटं घालवली, अ‍ॅडव्हान्स शब्द त्यांना माहीत होता, पण ते म्हणाले उचल म्हणजे नुसता अ‍ॅडव्हान्स नाही, ती फिटत नाही. शेवटी त्यांनी एका शब्दाच्या जागी पूर्ण वाक्य लिहिलं, 'वी टेक मनी बिफोर वर्क अँड वी पे इट बाय वर्क.' नववीच्या पोरांचं हे वाक्य आहे.

आणि तिसरं, तपासणीला येणाऱ्यांना एकदा हे दाखवा. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पीपीटी नको, एक वर्ग लावा, त्यात शिक्षकांनाच चौघांत बसवून इंग्रजीत एक पत्र लिहायला लावा, अर्ध्या तासात त्यांना कळेल किती आवाज होतो आणि तो कशाचा असतो. माझ्यासारखे कितीतरी शिक्षक हे चोरून करतात, दार लावून घेतात. नवीन लागलेल्या शिक्षकाला तर एका शेऱ्याने धडकी भरते. तुमच्या एका परिपत्रकात एवढं एक वाक्य आलं की इंग्रजीच्या तासाला गटाने लिहिणं हे अध्यापन आहे, तरी दार उघडं राहील.

मोबाइल, गूगल डॉक, सगळ्यांनी एकाच वेळी एका पानावर लिहायचं, हे शहरात चांगलं चालतं असं ऐकतो, करा जरूर. लॉकडाऊनमध्ये आम्ही पण व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक वाक्याची गोष्ट लिहून बघितली, ज्यांच्या घरी फोन होता त्यांना मजा आली, बाकीच्यांचं काय झालं ते सांगायची गरज नाही. माझ्या मागणीला फुलस्केप आणि पेन पुरतं.

ते पाण्याचं पत्र, मराठीतलं, पोरांनी स्वतः जाऊन ग्रामपंचायतीत दिलं होतं. पंधरा दिवसांनी नळ बदलला, पाणी अजून रोज येत नाही पण आता आठवड्यातून चार दिवस येतं. इंग्रजीतलं अजून भिंतीवर आहे, पावसाने एक कोपरा ओला झालाय. परवा त्याच गटाने आपणहून आभाराचं पत्र लिहायला घेतलं, 'थँक यू फॉर रिपेअर द टॅप' लिहिलं आणि न बोलणारी पोरगी म्हणाली कायतरी चुकतंय, ऐकायला बरं नाही वाटत. काय चुकतंय ते तिला सांगता येईना. मी सांगितलं नाही. तास संपला, घंटा झाली, चौघं तो कागद घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक, बीड जिल्हा